फ्लशिंगमध्ये सिचुआनी जेवायला जाताना

हडसनकाठ

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्ककडची आपली बरीच मंडळी फ्लशिंगच्या गणपतीला जातात. बाउन स्ट्रीटवरच्या देवळात दर्शन घ्यायचं, तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खायचा आणि गाडी काढून घरी परतायचं, हा ठरलेला क्रम. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर मेन स्ट्रीट आहे, सात नंबरच्या सबवेचं शेवटचं स्टेशनही तिथेच. चीनच्या कितीतरी प्रांतांचं जेवण त्या मोजक्या गल्ल्यांत मिळतं. आपल्यापैकी फार थोडे तिकडे वळतात, आणि वळले तरी फ्राइड राइस नि मांचुरियन शोधतात. ते सापडलं नाही की "इथलं चायनीज काही खास नाही" असा निकाल देऊन मोकळे होतात. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा धागा.

फ्लशिंगच का, ते आधी थोडक्यात. मॅनहॅटनचं जुनं चायनाटाउन मुख्यतः कँटनकडच्या लोकांनी वसवलेलं. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर तैवानहून लोक येऊ लागले, त्यांना कँटनी बोली येत नव्हती. त्यांतल्या पुष्कळांनी क्वीन्समध्ये फ्लशिंगला बस्तान बसवलं. पुढे मुख्य भूमीवरून निरनिराळ्या प्रांतांचे लोक आले, ते तिथेच येत गेले. आणि प्रत्येकाने दुकान थाटलं ते आपल्या गाववाल्यांसाठी. सिचुआनी हॉटेलात शेजारच्या टेबलावर सिचुआनचेच लोक बसलेले असतात, त्यामुळे आचाऱ्याला चव मवाळ करून चालत नाही.

मी इथे फक्त सिचुआनबद्दल लिहिते. तिखट खाणाऱ्या मराठी माणसाला सगळ्यात आधी हेच जवळचं वाटेल, आणि मागवताना गोंधळही इथेच जास्त होतो.

शक्यतो एकट्यादुकट्याने जाऊ नका. आपापली डिश मागवून आपापली खायची, ही इथली रीत नाही. पाच माणसं असतील तर पाच पदार्थ मधे ठेवायचे आणि प्रत्येकाच्या हातात साध्या पांढऱ्या भाताची वाटी. पदार्थ निवडताना सगळे एका जातीचे घेऊ नका. एक थंड, एक झणझणीत तेलातला, एक कोरडा परतलेला, एक आंबटगोड, आणि एक अगदी साधी लसणावर परतलेली पालेभाजी. ही पालेभाजी लोक हटकून वगळतात, "हे तर आपण घरी करतो" म्हणून. पण दोन लाल पदार्थांच्या मधे तिचा एक घास खाल्ला की जीभ पुन्हा ताळ्यावर येते. सगळंच लालभडक मागवलं तर थोड्या वेळाने कशाचीच चव कळेनाशी होते आणि दोष स्वयंपाकाला जातो.

मापो तोफू अवश्य घ्या. चंगदू शहरात १८६२ च्या सुमारास चन कुटुंबाच्या खानावळीत तो पहिल्यांदा झाला असं मानतात. तोफूचे चौकोनी तुकडे मिठाच्या गरम पाण्यातून काढलेले असतात, त्यामुळे चमच्यावर थरथरतात पण फुटत नाहीत. सोबत थोडासा खिमा, आंबवलेलं काळं सोयाबीन आणि चंगदूजवळच्या पिश्यानची दोबानज्यांग. दोबानज्यांग म्हणजे मिरची आणि फावा बीन्स मातीच्या रांजणांत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मुरवून केलेला गडद लाल ठेचा. सिचुआनी स्वयंपाकाचा अर्धा जीव त्यात आहे. चांगल्या ठिकाणी बाऊलच्या कडेला लाल तेलाची रेघ सुटलेली असते आणि वर भाजून कुटलेल्या सिचुआनी मिरीची तपकिरी पूड दिसते. वाटी नाकाजवळ नेली की संत्र्याच्या सालीचा वास येतो. तो वास आला नाही तर मिरी जुनी आहे असं खुशाल समजा.

पहिल्या घासाला नेहमीचा तिखटपणा जाणवतो. मग या मिरीमुळे ओठांच्या कडा झिणझिणायला लागतात, जिभेचं टोक बधिर होतं, तोंडाला पाणी सुटतं. पहिल्यांदा खाणारा माणूस इथे दचकतो, अॅलर्जी आली की काय म्हणून घाबरतो. घाबरू नका, काही मिनिटांत ते ओसरतं. पाणी पिऊन फायदा नाही, भात खा.

मासे खाणाऱ्यांनी शुई झू यू मागवावा. माशाचे पातळ काप, खाली मोड आलेले मूग किंवा पाला, वर सुक्या मिरच्या आणि मिरी, आणि त्यावर कडकडीत तेल ओतलेलं. भलंमोठं तसराळं येतं आणि वर दोन बोटं लाल तेल असतं. तो रस्सा नव्हे. तेल प्यायचं नसतं, भातावर घ्यायचं नसतं. चॉपस्टिकने काप उचलायचा, निथळू द्यायचा आणि खायचा. तसंच ला झी जी या चोंगचिंग शहराकडच्या चिकनचं. सुक्या मिरच्यांच्या ढिगात चिकनचे लहान कुरकुरीत तुकडे लपलेले असतात. मिरच्या बाजूला सारायच्या, चिकन शोधून खायचं. तुकड्यांत हाडं असतात, लहान मुलांना देताना बघून द्या.

अमेरिकेत १९६८ पासून २००५ पर्यंत सिचुआनी मिरी आणायला बंदी होती. ही मिरी लिंबाच्या कुळातल्या झाडाची, तिच्याबरोबर संत्र्या-मोसंब्यांवरचा कँकर रोग इथल्या बागांत येईल अशी भीती होती. २००५ मध्ये, गरम करून जंतू मारूनच आणायची, या अटीवर बंदी उठली. तेव्हा त्याआधी इथे कुणी "सेझवान" खाल्लं असेल आणि आवडलं नसेल, तर आता पुन्हा खाऊन बघा.

तुम्ही कुठे, काय खाल्लंत ते लिहा.

कांदेनवमी

छान धागा. आमच्याकडे पुढच्या महिन्यात सासू-सासरे येताहेत, दोघंही शाकाहारी. गणपतीला नेणारच आहोत. अशा ठिकाणी त्यांना नेणं योग्य होईल का? तोफू सोडून काही असतं का?

सोलकढी

वर्णन वाचता वाचता लक्षात आलं, अहो, हे तर आपलं तिरफळ! आमचं गाव मालवणजवळ. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं नसतील तर माझी आजी त्याला तिखलं म्हणत नसे. सिचुआनी मिरी आणि तिरफळ दोन्ही झँथॉक्सिलम या एकाच प्रजातीतली झाडं. आपलं तिरफळ झँथॉक्सिलम ऱ्हेत्सा. उत्तराखंड-नेपाळकडचा तिमूर हाही त्यांचा भाऊबंद. सगळी लिंबाच्या कुळातली, म्हणून तो सालीसारखा वास.

वापरायची तऱ्हाही मिळतीजुळती आहे. फळ सुकलं की उकलतं, आत काळं चकचकीत बी असतं. बी टाकून द्यायचं, ते दाताखाली कचकचतं आणि त्याला चवही नाही. वास सगळा टरफलात. फरक असा की आपण टरफलं किंचित ठेचून कालवणात सोडतो, वाटणात वाटत नाही, आणि जेवताना बाजूला काढून ठेवतो. ते लोक भाजून पूड करतात किंवा तेलात उतरवतात, त्यामुळे झिणझिण्या प्रत्येक घासाला येतात. आपल्याकडे बांगड्याचा तेलकट उग्रपणा मोडायला तिरफळ घालतात. तिथेही मांस-माशाच्या वासासाठीच सुरुवात झाली असावी असं मला वाटतं.

त्या झिणझिण्यांवर अभ्यासही झालाय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये लोकांच्या ओठांना सिचुआनी मिरी लावून पाहिलं. जाणवणारी थरथर सेकंदाला सुमारे ५० कंपनांची निघाली. म्हणजे ती नुसती चव नाही, स्पर्शाच्या नसा चाळवल्या जातात. सँशूल नावाच्या द्रव्यामुळे हे होतं.

हडसनकाठ

सोलकढी, किती सुंदर माहिती दिलीत! तिरफळाचं मला ठाऊक नव्हतं, आम्ही घाटावरचे.

कांदेनवमी, जरूर न्या, फक्त मागवताना चार गोष्टी बघा. सिचुआनी स्वयंपाकात भाजीतसुद्धा चवीपुरता खिमा घालायची पद्धत आहे. सुक्या परतलेल्या फरसबीत तो हमखास असतो, मापो तोफूतही. "व्हेजिटेबल" या मथळ्याखाली आहे म्हणून शाकाहारी, असं धरू नका. खिमा नको, कोंबडीचं सूप नको, चरबी नको, असं तीन वेगळ्या वाक्यांत चिनी अक्षरांत फोनवर लिहून वेटरला दाखवा. अंडं चालत नसेल तर तेही सांगा. दोबानज्यांग स्वतः शाकाहारी असते, त्यामुळे खिमा वगळला तरी चव जात नाही. ऑइस्टर सॉस (कालवांपासून केलेला) जास्त कँटनी स्वयंपाकात लागतो, तरी पालेभाजीसाठी विचारून घ्या.

यू श्यांग वांगी मागवा. इथल्या इंग्रजी मेनूवर "एगप्लँट विथ गार्लिक सॉस" म्हणून असतात. लसूण, आलं, खारवलेली मिरची, व्हिनेगर, साखर. वांगं तेलात इतकं मऊ झालेलं असतं की चॉपस्टिकने तुटतं. यातही कधी खिमा घालतात, तो नको म्हणून सांगायचं. शिवाय ठेचलेल्या काकडीची थंड कोशिंबीर. आणि व्हिनेगरमधला बटाटा: सुरीने काडीसारखा चिरून, स्टार्च धुऊन काढून, मोठ्या आचेवर जेमतेम परतलेला. तो कुरकुरीतच असतो, कच्चा राहिलेला नसतो. सासूबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या परत पाठवतील.

वाटसरू

मी चंगदूमध्ये मेडिकलला होतो. आपल्याकडची बरीच मुलं तेव्हा चीनला शिकायला असायची. एक गोष्ट नमूद करतो: सिचुआनचं घरचं जेवण एवढं तिखट नसतं. माझ्या वर्गमित्राच्या घरी रोज एक सूप, दोन भाज्या आणि एखादाच झणझणीत पदार्थ असे. तिथे म्हणतात, शंभर पदार्थ, शंभर चवी. मेजवानीत चहाच्या पानांची धुरी दिलेलं बदक येतं, त्यात मिरची नावालाही नाही. आणि "उकळत्या पाण्यातला कोबी" नावाचा पदार्थ आहे, दिसायला पाण्यात बुडालेली कोबीची पानं. ते पाणी म्हणजे कोंबडी आणि हॅमचं तासन् तास उकळून, पुन्हा पुन्हा गाळून काचेसारखं नितळ केलेलं सूप. आचाऱ्याची खरी परीक्षा त्यात बघतात.

मिरची तिकडेही परकीच. अमेरिका खंडातून आलेली, चीनमध्ये तिचा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांबरोबरच आली. सिचुआनी मिरी मात्र तिथली फार जुनी.

हॉटपॉटला, म्हणजे टेबलावरच उकळत्या रश्श्यात भाज्या-मांस शिजवून खायला, जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: चोंगचिंग पद्धतीचा लाल रस्सा मुळात गाईच्या चरबीत केलेला असतो. वर थिजलेला लाल थर दिसतो तो तोच. ज्यांना चालत नाही त्यांनी बसण्याआधी विचारा. मशरूम किंवा टोमॅटोचा रस्सा असतो, पण तोही कशात केलाय ते विचारायला हवं. एकाच भांड्यात मधे पत्रा घालून दोन रस्से देतात, पण उकळी आली की इकडचं तिकडे उडतं. पूर्ण शाकाहाऱ्यांनी वेगळं भांडंच मागावं.

माझगावकर

धागा आवडला, पण मुंबईच्या शेजवानची बाजू घेणं मला भाग आहे. ताजमधलं गोल्डन ड्रॅगन १९७३ मध्ये सुरू झालं आणि सिचुआनी जेवण त्याने मुंबईत आणलं. नेल्सन वाँग यांनी चिकन मांचुरियन केलं ते १९७५ मध्ये, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात. पुढे गाडीवाल्यांनी लसूण, लाल मिरची, व्हिनेगर आणि साखर घालून जी शेजवान चटणी केली, तिच्यात सिचुआनी मिरी नाही हे खरं. पण ती काही नक्कल म्हणून टिकलेली नाही. रात्री उशिरा कामावरून सुटलेल्या माणसाला स्वस्तात गरम पोटभर मिळालं, म्हणून टिकली.

आमच्या माझगावात चिनी मंडळींची जुनी वस्ती होती. नवाब टँकजवळ त्यांचं देऊळ अजून आहे, सी यूप कून, १९१९ चं. चिनी नववर्षाला तिथे दिवे लागतात. मुंबईतले बरेच जुने चिनी कँटनकडचे. म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या चायनीजची मुळं कँटनी आणि हक्का, सिचुआनी नव्हेत. कोलकात्याच्या टँग्रातही चामड्याच्या धंद्यातले हक्का लोकच.

हडसनकाठ

माझगावकर, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. शेजवान हा आपला पदार्थ आहे आणि मला अतिशय आवडतो. माझं सांगणं इतकंच, की फ्लशिंगला जाऊन त्या मापाने सिचुआनी जेवण मोजू नये.

गवतीचहा

अजिनोमोटोचं काय? मला चायनीज खाल्लं की डोकं धरतं, म्हणून जायचं टाळते.

वाटसरू

गवतीचहा, डॉक्टर म्हणून उत्तर देतो. अजिनोमोटो म्हणजे ग्लुटामेट, जपानच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या सुपातून वेगळं काढलं. टोमॅटोत, मुरलेल्या चीजमध्ये ते नैसर्गिकच असतं. भीती पसरली ती १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रामुळे. नंतर ज्या चाचण्यांत कुणाला खरं ग्लुटामेट दिलंय हे लपवून ठेवलं, त्यांत नेहमीच्या प्रमाणात ठाम संबंध दिसला नाही. तुमची डोकेदुखी खोटी आहे असं मी म्हणत नाही. भरपूर मीठ, तेल, उशिराचं जेवण, कमी पाणी, अशी दुसरी कारणं असू शकतात. एकदा दुपारच्या वेळी, बेताने खाऊन बघा. त्रास झाला तर आपल्या डॉक्टरांशी बोला.

टेम्सकाठ

लंडनकरांसाठी: सोहोमध्ये २००६ मध्ये बार शू सुरू झालं तेव्हा इथे पहिल्यांदा पुष्कळांनी खरं सिचुआनी जेवण चाखलं. सिचुआनला स्वयंपाक शिकलेल्या फुशिया डनलॉप त्यांच्या सल्लागार होत्या. मेनूत फोटो असतात, हे नवख्यांना फार सोयीचं. आम्ही तिथे मराठी मित्रमंडळींचा ग्रुप घेऊन जातो आणि भांडण होतं ते कायम वांग्यांवरून, एक प्लेट पुरतच नाही.

भाकरतुकडा

मला एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) वाईट अनुभव आला. आम्हाला इंग्रजी मेनू दिला, त्यात सगळं नेहमीचं गोड चिकन. शेजारच्या टेबलावर मात्र वेगळेच पदार्थ, त्यांचा मेनू चिनीत. विचारलं तर "तुम्हाला आवडणार नाही" म्हणाले. मुलांसमोर फार अपमानास्पद वाटलं.

हडसनकाठ

भाकरतुकडा, वाचून वाईट वाटलं. असं व्हायला नको. मी शेजारच्या टेबलावरचा पदार्थ नजरेने दाखवून "तो हवा" म्हणते, किंवा पदार्थाचं चिनी नाव फोनवर तयार ठेवते. आपल्याला काय हवंय ते ठाऊक आहे हे दिसलं की वागणूक बदलते, दोन पदार्थ ते स्वतःहून सुचवतात. काही जागी फक्त रोख पैसे घेतात, तेही जवळ ठेवा.

उपासमोड

सिचुआनबाहेरचं एक सांगू का? मेन स्ट्रीटवरच्या गोल्डन शॉपिंग मॉलच्या तळघरात २००५ मध्ये शीआन फेमस फूड्सचा पहिला गाळा निघाला, आता शहरभर शाखा आहेत. शीआन हे शान्शी प्रांताचं शहर, तिथे भातापेक्षा गहू. जिरं घातलेलं मटण आणि हाताने ताणलेल्या पट्ट्यांएवढ्या रुंद नूडल्स. जिऱ्याच्या वासाने आपला माणूस लगेच रुळतो.

शाकाहाऱ्यांनी तिथलं ल्यांगपी खावं. कणीक पाण्यात कोळून कोळून स्टार्च काढतात, तो खाली बसू देतात आणि थाळीत पातळ ओतून वाफवतात. कुरडयांसाठी आई गव्हाचा चीक काढायची ते आठवा, सुरुवात अगदी तशीच, फक्त आंबवणं नाही. मग त्याच्या पट्ट्या कापून वर व्हिनेगर, मिरचीचं तेल, काकडी. उरलेल्या चिवट गोळ्याचे स्पंजासारखे तुकडेही त्यातच. उन्हाळ्यात थंडगार ल्यांगपीला तोड नाही.

कांदेनवमी

सगळ्यांचे खूप आभार! आम्ही चौघं मोठे, त्यात दोघं शाकाहारी, आणि सहा वर्षांचा मुलगा. एकदाच नीट यादी सांगाल का? सासऱ्यांना तिखट सोसतं, सासूबाईंना नाही.

हडसनकाठ

आधी ठेचलेली काकडी. मग बिनखिम्याचा मापो तोफू, सासऱ्यांसाठी. मिरीची पूड कमी घाला म्हणून सांगता येतं. यू श्यांग वांगी सगळ्यांना. व्हिनेगरमधला बटाटा, सुकी मिरची न घालता, म्हणजे सासूबाई आणि मुलगा दोघंही खातील. लसणावर परतलेले वाटाण्याचे कोंब किंवा जी ताजी पालेभाजी असेल ती. तुम्हा दोघांसाठी ला झी जी किंवा कुंग पाओ चिकन. कुंग पाओत शेंगदाणे असतात, मुलाला अॅलर्जी असेल तर टाळा. भात प्रत्येकी एक वाटी, वर एक जास्तीची.

शनिवार-रविवारी दुपारी रांग असते. आधी देवळात जाऊन या आणि तीनच्या सुमारास पोहोचा, तेव्हा टेबल लवकर मिळतं. आचाऱ्याला सूचना नीट पोहोचवायलाही वेटरला सवड असते.